मधे फुगलेले खांब

आबा,

वेस्ट इंडीज म्हटलं की तुम्हाला फक्त क्रिकेट आठवायचं. तिथल्या एका बेटावर, अगदी समुद्रासमोर, एक पांढराशुभ्र बंगला उभा राहिलाय. पुढे जुन्या ग्रीक देवळांना असतात तसे उंच गोल खांब, वर त्रिकोणी माथा, पायऱ्या थेट वाळूत उतरलेल्या. त्याची सगळी ड्रॉइंग राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात झाली. माझ्या हातची आहेत ती, तुमच्या मुलीच्या.

कोडोलीचा तो दिवस मी विसरलेले नाही. मंगल कार्यालयाच्या दारात तुम्ही असेच खांब उभे केले होते, मालकाने आणलेल्या कॅलेंडरातल्या चित्रावरून. खालपासून वरपर्यंत एकसारखे, ओळंबा लावून सरळ केलेले. मी तेव्हा डिप्लोमाला. रस्त्यावरून बघते आणि म्हणते, "आबा, मधे बारीक दिसाय लागल्यात." सगळे गवंडी हसतात. तुम्ही ओळंबा सोडून दाखवता. "ह्यो खोटं बोलतोय व्हय? का तुझं डोळं? चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवाय आलीस? घरला जा, भाकऱ्या थाप." घरी गेले. भाकऱ्या काही थापल्या नाहीत.

पुढे अभ्यासात कळलं की फसतो तो डोळाच. उंच गोल खांब सरळसोट केला तर लांबून त्याचं पोट खपाटीला गेल्यासारखं दिसतं, म्हणून तो मधे जरासा फुगवायचा असतो. हे तुम्हाला सांगायचं होतं, पण तोवर तुम्ही गेला होतात. त्याचा मला अजून राग आहे, आबा. भांडण अर्धं टाकून निघून जायची ही कुठली रीत?

बेटावरचा ठेकेदार तर तुमचा जुळा भाऊच निघाला. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ड्रॉइंग चुकलंय, खांबांना पोट आलंय, मी सरळच ओतून घेतो. बंगल्याचा मालकही मान डोलवायला लागला. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालेलं, ऑफिसातली सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, खांब सरळ करायचे असतील तर माझी ड्रॉइंग परत द्या आणि दुसरं कुणी बघा. शेवटी मालक म्हणाला, बाई म्हणतात तसं करा.

काल फोटो आले. कसे ताठ दिसतात खांब. तुमचा ओळंबा त्यांना चूक म्हणेल, तर खुशाल म्हणू दे. मी माफी मागणार नाही, आणि तुमची शाबासकीही मला नको.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील इथेच, टेबलावर. पण एक सांगायचं राहिलं. त्या कॉलवर इंग्रजीत बोलायच्या आधी माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. पलीकडच्यांना ते कळलं नाही, ऑफिसातली मात्र दचकली. "जमत नसंल तर दुसरा गवंडी बघा की." तुम्ही आडमुठ्या मालकांना म्हणायचात ना, तेच. आवाजसुद्धा तुमचाच होता, आबा.