रिकामी ओळ

२२ मार्च २०२४, शुक्रवार

प्रिय मेतोदी,

माझं अक्षर ओळखलं असशीलच. तेरा वर्षांत एकही पत्र नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही, आणि आज एकदम चार पानं. तू बरा असशील, पाठ दुखत नसेल, टोमॅटोची रोपं खिडकीत ठेवली असशील, असं धरून चालतो. माझं म्हणशील तर गुडघे गेले. आपल्या पूर-इशारा कचेरीचे तीन जिने चढतो ते प्रत्येक मजल्यावर थांबत. माझी बायको ज़ोर्नित्सा गेल्यापासून घरी बीन्सचं सूप एकदा करतो आणि तीन दिवस खातो. दुनाव नदी यंदा शांत आहे. काठावरची पॉपलरची झाडं अजून उघडीच. परवा त्यांच्याकडे बघता बघता त्स्वेताना बाईंनी चौथीत पाठ करून घेतलेली ती नदीची लांबलचक कविता मनातल्या मनात म्हणून पाहिली. सात कडवी आली, आठवं नाही आलं. तुलाही त्यांनीच शिकवली होती, सहा वर्षांनी. तुला येत असेल.

महिनाअखेर मी निवृत्त होतोय. केक आणणार आहेत म्हणे.

तुझी यासेना आता आमच्याकडे, माझ्याच खोलीत बसते, आणि पुढे माझ्याच जागी येणार आहे, हे तुला ठाऊक असणारच. मला मात्र आधी कोणी सांगितलं नव्हतं. एक तारखेला संचालकांनी कागद आणून दिला, "नवी मुलगी, हिची नोंद करा." मी नेहमीसारखी संगणकाच्या काळ्या पडद्यावर ओळ ओळ लिहायला घेतली. नाव, यासेना. मग वडिलांचं नाव. मेतोदिएवा. मग आडनाव, ग्रोझेवा. बोटं तिथेच थांबली. मागे ती उभी होती, मला माहीत नव्हतं.

"काय काका, नाव ओळखीचं वाटतं ना?" म्हणाली.

"तू मेतोदीची मुलगी?"

"हो. ज्यांनी अख्खं खोरं अंधारात ठेवलं, त्या मेतोदीची." आणि हसली. तुझ्यासारखीच हसते, आधी डावा गाल. मग मार्च लागला म्हणून माझ्या मनगटाला मार्तेनित्साचा लाल-पांढरा दोरा बांधला आणि म्हणाली, "तुमच्या हाताला कोणी बांधलाच नाही वाटतं." अजून आहे हातात. पहिलं फुललेलं झाड दिसलं की सोडायचा असतो. मी तीन आठवडे खाली मान घालून चालतोय.

कामात ती हुशार आहे. माझ्याहून नक्कीच. एकदा मी म्हटलं, "पोरी, एवढी शिकलीस, सोफियात मोठ्या कंपनीत का गेली नाहीस? या पडक्या कचेरीत काय ठेवलंय?" तर म्हणते, "बाबांनी इथं जे मोडलं ते मला इथंच नीट करून दाखवायचंय. घरी विषय काढला की ते उठून वाफ्यात जाऊन बसतात. मी अकरा वर्षांची होते. शाळेत पोरं मला 'पूर' म्हणायची." तिनं आपल्या पडद्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी लावलीय: 'दोनदा वाच. बाबांना आठव.' रोज सकाळी मी तिच्या समोर बसतो, आणि ती चिठ्ठी माझ्या समोर असते.

मेतोदी, तो दिवस कागदावर एकदा नीट मांडायचा आहे. तुला त्यातलं बरंच माहीत आहे. जे माहीत नाही तेवढ्यासाठी हे पत्र.

जून २०११, बुधवार. वरच्या खोऱ्यात सकाळपासून पाऊस. म्हातारा डोब्री, वरच्या पुलावरचा पाणी मोजणारा, आदल्या दिवशी निवृत्त झाला होता. त्याचं नाव मोजणाऱ्यांच्या गटातून काढायचं होतं. पाच मिनिटांचं काम. फाइलमध्ये पहिल्या ओळीत गट कुठला, मग 'यातून नाव काढ', आणि लगेच खाली कोणाचं ते नाव. खाली नाव दिलं नाही तर यंत्र विचारत बसत नाही, गटातली सगळीच नावं काढून टाकतं. आणि रिकामी ओळ आली की त्याच्या लेखी एक हुकूम तिथे संपला.

हे सगळं कोणाही नवशिक्याला कळतं. पण तुला माझी सवय माहीत होती. तू किती वेळा ओरडला होतास, "स्तोइमेन, हे हुकूम आहेत रे, कडवी नव्हेत! मध्ये मध्ये जागा कसली सोडतोस?" मला दाटीवाटीच्या ओळी वाचवत नाहीत. डोळ्यांना थोडा श्वास लागतो.

ती फाइल मी लिहिली. 'यातून नाव काढ', मग एक रिकामी ओळ, मग डोब्री.

यंत्रानं वरचा हुकूम पाळला. खालच्या एकट्या नावाचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून चूक दाखवली. मी ती चूक पाहिली आणि वाटलं, काहीच झालं नाही, जेवून आल्यावर बघू. छत्री घेऊन खाली गेलो. अर्ध्या तासात परत येणार होतो. खानावळीत बसलो तर पावसाकडे बघत बसलो, दोन वाजले.

पुढचं तुला माहीत आहे. चौतीस माणसं पुलापुलांवर उभी राहून पाण्याची उंची वाचत होती, आणि आमचं यंत्र त्यांतल्या एकालाही ओळखत नव्हतं, त्यांनी बिनतारी संदेशानं पाठवलेला एकही आकडा घेत नव्हतं. फोनच्या तारा आधीच तुटल्या होत्या. चार वाजेपर्यंत इशारा निघाला नाही. खालच्या वस्तीत अकरा घरांत पाणी शिरलं, बेकरीची भट्टी गेली, पाशोव्हांच्या दोन गाई बुडाल्या. माणूस गेला नाही. नाही गेला, असं मी तेरा वर्षं स्वतःला सांगत आलोय.

भिंतीवरच्या फोन-यादीवरून चौतीस नावं एकेक करून परत भरलीस तू. यंत्राच्या नोंदवहीत नावं काढण्याच्या आणि भरण्याच्या दोन्ही कामांपुढे एकच खातं होतं, कारण आपण दोघं एकाच नावानं आत जायचो, आणि परवलीचा शब्द म्हणजे त्याच कवितेतल्या पहिल्या ओळीची आद्याक्षरं. कल्पना माझी होती; मला गंमत वाटली होती. पाळी तुझी होती. नावं भरताना तुला सगळ्यांनी पाहिलं, काढताना कोणीच कोणाला पाहिलं नाही. संचालकांनी तुला विचारलं. तू म्हणालास, मी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

ती फाइल मला दुसऱ्याच दिवशी सापडली, माझ्याच कप्प्यात. म्हणजे तुला नोकरीवरून काढल्यावर फाटकाशी तू मला अडवलंस तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. तू म्हणालास, "तू तरी सांग त्यांना, मी नव्हतो. तुझं ऐकतील ते." आणि मी म्हणालो, "मला काय माहीत रे बाबा." हे शब्द मी म्हटले, मेतोदी. घाबरून म्हटले असं लिहिणार होतो, पण तेही पूर्ण खरं नाही. ज़ोर्नित्साचे उपचार चालू होते, नोकरी हवी होती, हे खरं. आणि तू माझ्याहून लहान आहेस, तुला कुठेही मिळेल, असा हिशेब मी केला, हेही खरं.

आता मंगळवारचं सांगतो. यासेना माझ्या शेजारी बसून माझी एक फाइल तपासत होती. एकदम म्हणाली, "अहो काका, ही फाइल आहे की कवितासंग्रह? ही मधली रिकामी ओळ बघा. आता चालवली असती तर सगळा गट साफ! म्हणून मी आधी कोरडी तालीम घेते, खरं काही न बदलता." मग बोट तिथेच ठेवून, जरा हळू आवाजात, "बाबांचंही असंच झालं असणार. बिचारे."

बिचारे म्हणाली. इतके दिवस रागानं बोलायची, त्या दिवशी पहिल्यांदा तिनं तुला माफ केलं. माझ्या चुकीसाठी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कॉफी घेशील?"

तीन रात्री झोप नाही. या वयात झोप तशीही कमीच असते, त्यामुळे त्याचं फार कौतुक सांगत नाही.

आज सकाळी मी संचालकांच्या टेबलावर दोन पानी निवेदन ठेवलं, जुन्या फाइलची प्रत जोडून. ते वाचून चष्मा काढून म्हणाले, "स्तोइमेन, आता कशाला? नऊ दिवस राहिलेत तुमचे." मी म्हटलं, नोंद करून घ्या. त्यांनी चष्मा परत लावला आणि शिक्का मारला. सोमवारी ते फलकावर लागेल. केक बहुधा येणार नाही.

यासेना आज दुपारच्या गाडीनं तुझ्याकडे यायला निघेल. हे पत्र पोस्टात टाकत नाही, तिच्याच हाती देतोय. लिफाफा चिकटवलेला नाही. तिला सांगणार आहे, हे तुझ्या वडिलांचं आहे, पण आधी तू वाच. साडेपाच तासांचा प्रवास आहे, पुरेल.

तू दार उघडशील तेव्हा तिला सगळं कळलेलं असेल. ती काय बोलेल मला ठाऊक नाही. पण तू त्या वेळी उठून वाफ्यात जाऊ नकोस. घरातच थांब, तिला बोलू दे.

उत्तराची वाट बघत नाही, बघण्याचा हक्क मीच घालवला.

डोब्रीचं नाव काढताना तुझं नाव घालवणारा,
स्तोइमेन