केरबाच्या मळ्यावरनं जाणारी वाट

प्रिय बनुबाई,

सगळ्यात आधी आली ती राहीबाई, आमची शेजारीण. माझ्या नाती अजून गाडीतनं उतरल्याबी नव्हत्या, तवर ही पदर सावरत दारात. कुणाची गं गाडी? म्हटलं, नातीची. चालवत कुणी आणली? म्हटलं, नातीनंच. पुण्यास्नं? व्हय, पुण्यास्नं. तिला ऐकू आलं हुतं, तरी मी परत एकदा मोठ्यानं सांगितलं, म्हंजे सगळ्या वस्तीला कळंल. थोरली प्रांजल, नोकरीला हाय, गाडी तिची. धाकटी उत्कर्षा, ती शेजारी बसून फोनात बघून वाट सांगती. माझ्या बिरदेवाच्या ह्या दोघी पोरी. ह्यांच्या आज्यानं जलमभर घोड्यावर बिऱ्हाड लादलं, आन ह्या बटन दाबून काच खाली करत्यात. मी चाकाला हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, तर प्रांजल हसाय लागली. हसू दे.

तू म्हणशील, ही कोण आन मला का सांगती. अगं, मी आटपाडीकडची तानुबाई, मेंढरंवाल्या धुळाची बायको. मालकाचं नाव घेतलं बघ. आता रागं भराया ते न्हाईत, चैतात गेले. दिवाळी सरली की आमची मेंढरं मावळतीला निघायची आन पाटणच्या अलीकडं तुमच्या मळ्यात पाच-सात दिस बसायची. रानाला लेंडीखत व्हायचं, तुमी आमाला जोंधळं द्यायचा. मी तुला आवं-जावं करत हुते. मग एका साली तूच म्हणालीस, तानू, आता मला तू म्हण. ते साल तू इसरली नसशील. त्याला शेचाळीस वर्सं झाली.

अक्षर वंगाळ हाय, समजून घे. दुसरीपतूर शाळा झाली, पुढं मेंढरांमागं. वर 'प्रिय' लिही म्हणून उत्कर्षानं सांगितलं. मी नुस्तं 'बनुबाईस' लिवणार हुते. पण लिवलं आन बरं वाटलं.

तर पोरींचं ठरलंय, आज्जीला समुद्र दाखवायचा, गणपतीपुळ्याला न्यायचं. मी म्हटलं, खारं पाणी काय बघायचं, ते मेंढरंसुदीक पीत न्हाईत. पण आतनं लय हरकले गं. चैतापास्नं मी वस्तीच्या भाईर पाऊल टाकलं नव्हतं. लगोलग अंगणात चटई टाकली, मधी फोन ठेवला आन आमी सगळी वाट निवडाय बसलो. फोनात एक निळी रेघ हुती, शिराळ्यावरनं अंबा घाटानं उतरायची. दुसरी रेघ मळकी, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं. तिला दीड तास जास्त. फोनातली बाई म्हणती निळी, बिरदेव म्हणतो निळी, राहीबाईला कुणी इचारलं नव्हतं तरी तीबी म्हणती निळीच. मी म्हटलं, पाटणवरनं जायचं.

का, तर म्हटलं अंबा घाटात मला भोवळ येती. उत्कर्षा म्हणाली, आज्जी, तीस सालं तू शिराळ्याकडनंच मेंढरं नेलीस, तवा न्हाई आली भोवळ? ही पोरगी वकील व्हणार बघ. मग म्हटलं, मला कोयनेचं धरण बघायचंय. बिरदेव म्हणाला, तिकडं भुई हालती. म्हटलं, हालू दे, माझं गुडघं तरी कुठं थाऱ्यावर हायत. सगळी हसली. प्रांजल तेवढी हसली न्हाई. माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, बरं, पाटणवरनं. कुठं थांबायचं त्या गावाचं नाव सांग, मी फोनात घालते.

इथंच माझं अडलं. आमच्यात गावाचं नाव कोण ध्यानात ठेवतं? मुक्काम असतो तो रानाच्या मालकाच्या नावानं. घरनं निघालं की दहावा मुक्काम केरबाचा मळा, म्हंजे तुमचाच, मला एवढंच ठावं. पोरी इचारत्यात किती किलोमीटर, मी सांगते दहा मुक्काम. वाटंत एक मोटंची विहीर, मग नदी उजव्या हाताला घ्यायची, बांधावर करंज दिसला की घोडी उतरवायची. फोनाला काय मोटंची विहीर गावंना. केरबाचा मळा घातलं तर त्यानं सोलापूरकडचं कुठलंतरी जेवायचं हाटेल दाखवलं. मग मला तुझ्या जयराजच्या लग्नाची पत्रिका आठवली. तू पोस्टानं धाडली हुतीस ती. मालकांनी बिरदेवाकडनं वाचून घेतली आन पेटीच्या तळाला ठेवली. अजून तिथंच हुती, हळदीचं बोट तसंच. तिच्यावर तुझा पत्ता. आमी लग्नाला आलो न्हाई म्हणून तू रुसली असशील. यायचं नव्हतं असं न्हाई गं. ती वाटच मालकांनी सोडली हुती.

का सोडली ते तुला कुणी सांगितलं नसंल. मेंढरं हलवायच्या आधी एकानं पुढं जाऊन वाट बघून यायची, गवत हाय का, पाणी हाय का, रान मोकळं हाय का. आमच्यात ते काम मालकांचं. त्या साली ते दोन दिसांत येतो म्हणून कोयनेकडं वर गेले. मनाजोगतं रान मिळंना, म्हणून आणिक पुढं, आणिक पुढं, पाच दिस झाले. माझ्या तान्ह्या पोरीला तिसऱ्याच दिशी ताप भरला. तू बैलगाडी जुंपायला लावलीस, माझ्या शेजारी बसलीस. पाटण दिसायच्या आत गाडी माघारी वळवावी लागली. केरबादादांनी करंजाखाली खड्डा काढला. तुझा जयराज तवा पाळण्यात, त्याचं दुपटं आणून तूच तिला गुंडाळलंस. म्हणालीस, तानू, हितं मी दिवा लावत जाईन. बारसं गावाकडं जाऊन करणार हुतो, म्हणून तिला नावबी नव्हतं.

मालक आले ते लांबनंच हात हालवत आले. म्हणाले, लय झ्याक वाट गावली, तानू. मग माझी मोकळी मांडी बघितली. पाल काढताना एवढंच म्हणाले, ही वाट आता न्हाई. दुसऱ्या सालापास्नं शिराळ्याकडनं वारणेला. फोनातली निळी रेघ हाय ना, तीच. पुढं बिरदेव झाला, नाती झाल्या, पर त्यांनी तिचा इषय कवा काढला न्हाई, मीबी न्हाई. आपल्याला थोरली बहीण हुती हे बिरदेवाला आजबी ठावं न्हाई. मला वाटायचं, पुरुषमाणूस, इसरला असंल.

चैतात, ते गेले त्याच्या आदल्या दुपारी मी चमच्यानं पाणी पाजत हुते. डोळं मिटलेलंच. म्हणाले, "तानू, केरबाच्या मळ्यातला करंज असंल का गं अजून?" मी पाणीच पाजत राहिले. शिराळ्याची वाट पायाखाली, आन माणूस जलमभर तुझ्या मळ्यावरनंच चालत हुता, बनुबाई. त्यांचं मुंडासं मी संगं आणणार हाय, करंजाखाली ठेवायला. करंज तोडला असला तर तसं पत्रानं कळवू नकोस, मी येऊन बघीन. फोन आमाला गावापतूर आणंल. पुढं मळ्यापतूरची वाट त्याला ठावी न्हाई, आन आता ऊस उभा असणार, मलाबी वळखू यायची न्हाई. जागा तुला एकलीला ठावी. तू हायस न्हवं गं? नसलीस तर जयराजबाळा, हे तू वाचलंस तर तू तरी रस्त्याला येऊन उभा राहा, तुझी आई कुठं दिवा लावायची ते तुला दिसलं असंल. पोरींस्नी मी अजून काय सांगितलं न्हाई, तिथंच सांगीन. काल निघताना प्रांजलनं पाटणची वाट फोनात साठवून ठेवली आन गाडीतनं हात भाईर काढून माझा हात धरला. दिवाळी सरली की दुसऱ्या शनवारी, न्याहारीच्या वक्ताला तुमच्या गावाच्या रस्त्याला पोचू म्हणाल्यात.

तुझीच,
करंजाखालची तानू