पंजाबराव ताटं तपासतात

ति. वच्छलाताईस,

पौर्णिमाचा सविनय जयभीम. इकडे इंझोरीत आम्ही धडधाकट आहोत, फक्त पोटं जरा फुगली आहेत. त्याचं कारण खाली येईलच. भाऊजींचे गुडघे आता कसे आहेत?

आमच्या कारभाऱ्यांनी (लग्न जमवताना "पंजाबराव लई गरीब माणूस हाय" असं तूच म्हणाली होतीस) मागच्या महिन्यात अन्न वाया घालवू नये यावर कुठंसं भाषण ऐकलं. तेव्हापासून घरात कोबीचा दांडाही सुटत नाही. टरबुजाच्या सालीची भाजी झाली. (चांगली झाली होती, पण मी तोंडावर सांगितलं नाही.) एवढ्यावर भागलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. पण रविवारी शेजारच्या बेबीबाईच्या संगीताचं लग्न होतं, आणि मांडवात उष्टी ताटं ठेवायच्या टपाजवळ हे खुर्ची टाकून बसले. ज्याच्या ताटात उरलं, तो परत पंगतीत! पोरंसोरं निमूट गेली. मग खुद्द नवरदेवाचे मामा आले, ताटात चार पुऱ्या.

"मामा, खायच्या नोत्या त घेतल्या कायले?"

"मी घेतल्या नाई, पोट्ट्यायनं वाढल्या. तुमी कोन इचारनारे?"

"गहू माह्या वावरातला हाय." (खरंच होता. आहेर म्हणून आम्हीच दिला होता.)

झालं! मामांनी ताट आपटलं, वऱ्हाड्यांना "चला, गाडी काढा" म्हणाले. बेबीबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीची पाठवणी राहते की काय, असं मलाही वाटलं. तेवढ्यात नवरदेवाची आई भावासमोर उभी राहिली. "दादा, घरी त वहिनीच्या धाकानं ताट पुसून खातं, अन् इथं कायचा रुबाब दाखवून राह्यला?"

सगळा मांडव हसला. मामाही हसले, खाली बसले, पुऱ्या संपवल्या आणि वर लोणचं मागितलं.

मग ह्यांना काय, जोरच चढला. उरलेलं भात-वरण, भाजी गाडीत घालून वीटभट्टीवर नेलं. तिथली लेकरं पोटभर जेवली तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उरलेली बुंदी घरी आणली. दोन बादल्या! आता सकाळी बुंदी, दुपारी बुंदी. आम्हाला पाहिलं की शेजारी दार लावून घेतात.

तुझी,
पौर्णिमा

ता.क. पत्र घेऊन आलेत ते हेच. (पाकीट डिंकानं घट्ट चिकटवलंय.) त्यांना थोडे दिवस कारंज्यालाच ठेवून घे. परवा गल्लीतल्या पिंकीच्या लेकराचं बारसं आहे. तिथं मला मनासारखं जेवायचं आहे, आणि ताटात थोडं टाकायचंही आहे.

आणखी एक. बारसं उरकलं की लगेच परत धाड. एरवी माझ्या ताटातलं उरलेलं तेच खातात.