लेखी तक्रार नाही

३ मार्च

दादाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. वय एक्कावन्न. डॉक्टरांनी वहिनीला बजावलं, सख्ख्या भावंडांनी महिन्याच्या आत कॅमेऱ्याची तपासणी करून घ्यावी. धाकट्या बहिणीने तिथूनच फोन लावून तारीख घेतली. तिचं सगळं असंच, उतावीळ.

मी सत्तेचाळीस. घाबरण्यासारखं काही नाही. आज सकाळी शौचाला थोडं लाल दिसलं. बीट खाल्लं होतं.

संकल्प: ३१ मार्चच्या आत तपासणी.

४ मार्च

हिला सहज विचारलं, परवा जेवायला काय होतं. ही म्हणाली, कोबी. बीट होऊन आठवडा झाला, का हो, करू का?

म्हणजे बीट अंगात आठवडाभर राहतं. हे माहीत नव्हतं. कर म्हटलं. रोज कर. रंगाला कारण हाताशी असलेलं बरं.

९ मार्च

नेटवर एक फॉर्म सापडला. वय, उंची, वजन, सिगरेट, नातेवाईक असं भरायचं. पुढच्या दहा वर्षांत आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता टक्क्यांत येते. आधी एक लांबलचक सूचना, तिच्याखाली 'समजले'. दाबलं. आकडा आला ३.१.

उंची दोन सेंटिमीटर वाढवली. मी दिवसभर बुटातच असतो. २.९. सिगरेट: सोडली. उद्यापासून सोडणारच आहे. २.४.

दादा लहानपणी तीन वर्षं आजोळी होता. वेगळं पाणी, वेगळं जेवण. हिशोबाने तो अर्धाच भाऊ धरायला हवा. फॉर्म अर्धा भाऊ घेत नाही. तूर्त 'होय' ठेवलं.

१० मार्च

शक्यता हा माझा रोजचा विषय. सांडपाणी विभागात कोणता पाइप कधी फुटेल हे सांगणारा तक्ता माझा आहे. पाइप चाळीस वर्षांपुढचा, वीस गुण. शेजारची लाइन फुटलेली, वीस. वर जड वाहतूक, दहा. असं करत साठच्या वर गेला, की फोरमन गाडी नेतो आणि कॅमेरा आत सोडतो. साठच्या आत झाकणाला हात लावायचा नाही. सहा महिन्यांत लेखी तक्रार नसेल तर दहा वजा. हे कलम खास माझं.

फोरमनला आकड्यांचं वावडं. म्हणाला, साहेब, झाकण उघडा नि बघा की. पाइपाची पत्रिका कसली मांडताय?

शिक्षण कमी.

२८ मार्च

धाकटीची तपासणी झाली. आतड्यात दोन मोड, म्हणजे पॉलिप, निघाले, तिथल्या तिथे कापले. ते राहिले असते तर दहा वर्षांनी कॅन्सर, असं डॉक्टर म्हणाले. ती फोनवर रडली आणि हसली. मग म्हणाली, तुझं कधी?

दोन मोड तिच्याकडे गेले. घरात दोघांना सहसा होत नाही.

३० मार्च

उद्याची तारीख मिळाली आहे. आज पोट साफ करायचं औषध. चार लिटर. चव समुद्राची.

११.१५. एक ग्लास प्यायलो.

११.४०. ऑफिसला फोन करून विचारलं, काही अर्जंट आहे का. नाही म्हणाले. नीट बघा म्हटलं. बेकरीमागच्या लाइनला वास येतो, अशी एक बाई सांगून गेली होती.

११.५०. ऑफिसला निघालो. तपासणी पुढे ढकलली. कर्तव्य.

३१ मार्च

काल ऑफिसात दिवसभर जागेवर बसता आलं नाही. एका ग्लासाची ही ताकद. आतडी स्वच्छ झाली असणार.

१२ एप्रिल

बेकरीवाल्या बाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, आमच्या मागच्या बोळातली फरशी हलते. लेखी द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, अहो, मी हाताने दाखवते ना, चला. म्हटलं, हाताने दाखवलेलं तक्त्यात बसत नाही. बाई उठल्या. जाताना फोरमनला म्हणाल्या, तुमच्या साहेबांना नाक आहे का?

त्यांची लाइन बासष्ट. लेखी तक्रार नाही, दहा वजा. बावन्न.

१४ एप्रिल

आपला तक्ता स्वतःला लावला. वय, वीस. शेजारची लाइन, वीस. घरच्या जबाबदाऱ्या म्हणजे जड वाहतूक, दहा. रंग, बारा. एकूण बासष्ट. कॅमेरा लागतो.

पण लेखी तक्रार नाही. बावन्न.

ही रोजनिशी लेखी धरायची नाही. हिला आवक क्रमांक नाही.

२० मे

दादाकडे गेलो. हाडं उरली आहेत. उशीला टेकून म्हणाला, साल्या, सगळ्या गावाच्या गटारात कॅमेरा घालतोस, स्वतःचं म्हटलं की नव्या नवरीसारखा लाजतोस. मी म्हटलं, माझे बावन्नच आहेत. तो म्हणाला, बावन्न काय? समजावून सांगितलं. दहा वजा कशाबद्दल ते ऐकून हसला, हसताना पोट धरलं. मग गंभीर झाला. म्हणाला, मलाही कुणी लेखी दिलं नव्हतं रे.

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आली. धाकटीने तिच्या डॉक्टरचा नंबर लिहून ठेवला होता, ती चिठ्ठी माझ्या खिशात घातली.

संकल्प: सोमवारी फोन.

२२ मे, सोमवार

शर्ट धुवायला गेला. चिठ्ठीचा लगदा.

२ जुलै

वजन चार किलोने कमी. चालण्याचा परिणाम. चालणं पुढच्या आठवड्यात सुरू करणार होतो, त्याआधीच.

फॉर्ममध्ये नवं वजन भरलं. २.१. शिपाई म्हणाला, साहेब, उतरलात. आभार मानले.

२१ ऑगस्ट

दादा गेला. सकाळी, वहिनी चहा करत असताना.

२ सप्टेंबर

फॉर्म उघडला. 'समजले' दाबलं. जवळच्या नातेवाइकाला हा आजार आहे का? आता नाही. १.२.

म्हणजे काही न होण्याची शक्यता ९८.८. एवढे मार्क मला आयुष्यात कधी पडले नाहीत. कुणाला सांगावेसे वाटले. दादाला सांगितले असते.

१९ सप्टेंबर

बेकरीमागचा बोळ खचला. दुधाची गाडी मागच्या चाकांपर्यंत आत. माणूस वाचला. फोरमनने कॅमेरा सोडला. पाच मीटरवर पुढे जाईना. खोदून पाहिलं, पाइपाच्या जागी पाइपच नव्हता. मातीला पाइपाचा आकार होता, इतकंच. फोरमन म्हणाला, हे आजचं नाही साहेब, दोन-तीन वर्षं आतून चाललंय.

अहवालात लिहिलं: पूर्वसूचना नव्हती.

बाई बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघून नाकाला हात लावला.

११ ऑक्टोबर

पोट तीन दिवस फुगलेलं. गॅस. संकल्प: बीट बंद. बीटच बाधलं असावं.

१३ ऑक्टोबर

ऑफिसात पडलो. फोरमनने विभागाच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. मागे कॅमेऱ्याची केबल, पुढे मी. वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, साहेब, किती दिवस?

गॅस आहे म्हटलं.

१६ ऑक्टोबर

तपासणी झाली. कॅमेरा पुढे जाईना.

२४ ऑक्टोबर

यकृतावर डाग आहेत. सहा-सात. ऑपरेशन आत्ता नाही. औषधं देऊन बघू, असं डॉक्टर म्हणाले. किती टक्के, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, टक्क्यांचं नंतर बोलू.

अठरा वर्षं मीही लोकांना हेच सांगतो.

२६ ऑक्टोबर

कन्या आली. वय वीस. खाटेशी बसून मोबाइलवर माझाच फॉर्म उघडला. बाबा, हाच ना, म्हणाली. सूचना मोठ्याने वाचू लागली. पहिलीच ओळ. रक्त दिसत असेल तर हा फॉर्म तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टरांना भेटा.

तिने विचारलं, हे वाचलं नव्हतं? 'समजले' दाबायचो म्हटलं. किती वेळा? अकरा.

मग ती स्वतःची माहिती भरू लागली. मी बघत होतो. वय जेवढं आहे तेवढं. उंची चपला काढून. वडील: होय.

आकडा मला दाखवला नाही.

२ नोव्हेंबर

मोठ्या हॉस्पिटलात नाव नोंदवायला गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, त्रास कधीपासून? ही म्हणाली, तीन आठवडे, भाऊ. एकदम झालं हो सगळं.

पिशवीतून रोजनिशी काढली. पहिलं पान उघडून खिडकीत सरकवलं. तो वाचून तारीख उतरवू लागला. ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. पान तिनेच उलटलं.

रांग मोठी होती. मागून कुणीतरी म्हणालं, आटपा.

ही एवढंच म्हणाली, म्हणून बीट.

माणसाने कागदावर शिक्का मारला. आवक क्रमांक ४१७.