मांडी मावणारी खुर्ची

शनिवार, संध्याकाळ. बेळ्ळंदूर.

आली एकदाची खुर्ची! दोन वर्षं जेवणाच्या टेबलाशी बसून ऑफिसचं काम केलं, पाठीची पार वाट लागली. त्यात आईचं एकच पालुपद: "खुर्चीवर मांडी घालून बसतेस, मग पाठ दुखणारच. पाय खाली सोडून बस."

म्हणून आज दुकानात अगदी शहाण्यासारखी बसले. पाय जमिनीवर, पाठ ताठ. पाचही खुर्च्या छानच वाटल्या. दुकानदार हसला. "मॅडम, घर में कैसा बैठते, वैसा बैठो." मी इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि मांडी घातली. चार खुर्च्यांचे हात गुडघ्यांत रुतले. पाचवीचे हात वर उचलले जातात. तीच घेतली. इतकी साधी गोष्ट मला का सुचू नये? इतका वेळ मी बसत होते ते कुणाला दाखवायला?

आईला यातलं काही सांगितलं नाही. मांडीचं नाव काढताच पुन्हा सुरू झाली असती.

हे सगळं मी जेवणाच्या खुर्चीवर बसून लिहितेय. नव्या खुर्चीत आई बसलीय, अवरेकाईच्या शेंगा सोलत. खुर्चीचे दोन्ही हात वर करून, मस्त मांडी घालून.