सांगणाऱ्याला शिक्षा नाही

सोम. १७ नोव्हेंबर

टक्. टक-टक्. टक्. पहाटे जाग आली ती या आवाजाने. लहानपणी गावच्या शाळेत चौथी आणि पाचवीच्या मध्ये फळ्यांची भिंत होती. पलीकडे बाई कविता म्हणायच्या आणि अंगठीने टेबलावर ठेका धरायच्या. मी अलीकडे भागाकारात. पाचवीच्या सगळ्या कविता मला चौथीतच पाठ झाल्या. अर्थ पुष्कळ नंतर कळला, ठेका आधी अंगात शिरला.

निर्मला म्हणाली, "पलंगावर बोटं वाजवण्यापेक्षा उठून दूध तापवा."

दुपारी वैशालीचा फोन. एके काळची माझी विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेची मुख्याध्यापिका. पुढच्या सोमवारपासून 'सायबर जागृती सप्ताह' आहे म्हणे, फलक लावायचेत. "सर, यमक जुळलेली एक झकास घोषणा द्या. तुमच्याशिवाय कोण देणार?" खूष झालो. निवृत्त माणसाला 'तुमच्याशिवाय कोण' एवढं पुरतं.

मंगळ. १८

नववीवर माझा हौसेचा कवितेचा तास. सप्ताह येतोय म्हणून आज पासवर्डचं बोललो. वाढदिवस नको, मोबाइल नंबर नको, कुत्र्याचं नाव नको. स्वतःची एक लांबलचक ओळ रचा. जगात कुणी पाठ केली नसेल अशी. अर्थ नाही लागला तरी चालेल.

एकाने ताडकन उभं राहून आपली ओळ म्हणून दाखवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "सुंदर. आता ही गेली. दुसरी कर." हशा.

जन्मभर सांगत आलो, मोठ्याने म्हणा, मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. आज सांगितलं, ओठसुद्धा हलता कामा नयेत. जिला एकच श्रोता, आणि तोही कवीच, अशी कविता म्हणजे...

प्रज्ञा वानखेडे नव्हती. पहिल्या बाकावर बसते, माझ्या तासाला कधी चुकत नाही. कुठे आहे, विचारलं. मग मागून कुणीतरी, "सर, ती हॅकर निघाली. तिला वर्गात घेत नाहीत."

बुध. १९

धायरीला तिच्या घरी गेलो. आई शिवणाच्या मशीनवर. वडील हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतात, पाळी संपवून नुकतेच आले होते. अमरावतीकडचे. "जयभीम सर, बसा." पाणी आलं.

शेवटी पोरगीच बोलली. दिवाळीनंतर सहामाहीचा निकाल शाळेच्या वेबसाइटवर लागला. हिने स्वतःचा उघडला. "वर पत्त्याच्या ओळीत शेवटी माझा नंबर दिसत होता, सर. मी एक आकडा बदलून पाहिला. तर वर्गातल्या सायलीचं सगळं उघडलं. मार्क, घरचा पत्ता, तिच्या आईचा मोबाइल, आधार."

"मग तू काय केलंस?"

"बंद केलं. आणि लगेच लॅबमध्ये जाऊन शिंदेसरांना दाखवलं. ते म्हणाले, बघतो."

शिंदे म्हणजे संगणकाचे शिक्षक. त्यांनी बघितलं नाही. गेल्या आठवड्यात एका पालकांना फोन आला. मुलाचं नाव, तुकडी, पत्ता सगळं बिनचूक सांगून फोनवरचा माणूस म्हणाला, फी परत मिळणार आहे, ओटीपी द्या. पालक शाळेवर धावून आले. वर्गावर चौकशी सुरू झाली, तेव्हा ही भाबडी उभी राहिली, "मी तर आधीच सांगितलं होतं."

झालं. जिला माहीत होतं तीच चोर. शिंदे म्हणतात, मला कुणी काही दाखवलेलं नाही.

शनिवारी, २९ला पालकांसमोर बैठक आहे. लेखी माफी द्या, नाहीतर दाखला घेऊन जा.

"सर, मी लिहायला बसले होते," प्रज्ञा म्हणाली. "'माझ्या हातून चूक झाली ती अशी की', इथपर्यंत लिहिलं. पुढे काय लिहायचं असतं?"

मराठीचा शिक्षक मी. म्हणून मला विचारत होती.

गुरु. २०

शाळेत. शिक्षकखोलीत कपाटाच्या दारावर कागद चिकटवलेला. शाळेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. क्लार्कला विचारलं, हे काय? "पासवर्ड. सगळ्यांना सोयीचं पडतं." आणि हॅकर कोण, तर नववीतली पोर!

वैशालीच्या केबिनमध्ये.

"सर, संस्थेचं नाव जपायला हवं ना?"

"चारशे पोरांची नावं वेबसाइटवर पत्त्यासकट उघडी पडलीत. ती कोण जपणार?"

"ते आता बंद केलंय. पण तिने दुसऱ्याचं पान उघडलं हे तर खरं ना? शिस्त नावाची काही गोष्ट असते, सर. तुम्हीच शिकवलीत."

"मी शिस्त शिकवली. गप्प बसायला नव्हतं शिकवलं. उद्या आणखी कुणाला भोक दिसलं तर तो सांगायला येईल तुझ्याकडे? प्रज्ञाचं काय झालं ते बघून?"

ती पेपरवेट फिरवत बसली. मग गोड आवाजात, "घोषणा आणलीत का?"

कागद पुढे केला. 'सांगणाऱ्याला शिक्षा नाही.'

"सर, यात यमक कुठे आहे?"

"यमक छापखान्यात मिळेल. अर्थ मी दिलाय."

जिन्यात शिंदे भेटले. अडवलं. तिने दाखवलं होतं का नव्हतं, एवढंच सांगा. भिंतीकडे बघत म्हणाले, "सर, माझं कंत्राट मार्चपर्यंतच आहे." आणि खाली उतरून गेले. नाही म्हणाले नाहीत, हे लिहून ठेवतो.

सोम. २४

सप्ताहाचं उद्घाटन. फाटकावर फलक, 'देऊ नका ओटीपी, नाहीतर होईल फजिती'. यमकसुद्धा धड नाही.

मला दोन शब्द बोलायला उभं केलं. माझी एक छानशी कविता होईल अशी वैशालीची समजूत. मी मुलांना म्हणालो, "आपल्या शाळेचं एक दार उघडं राहिलं होतं. तुमच्यातल्या एकीला ते दिसलं. ती आत शिरली नाही. मोठ्यांना सांगायला गेली. आज ती घरी बसलीय आणि आपण इथे जागृती करतोय."

माइक बंद झाला. झाला तर झाला. माझा आवाज माइकवर कधी अवलंबून होता? म्हणालो, "माझ्या मागून म्हणा. सांगणाऱ्याला शिक्षा नाही." आधी नववी म्हणाली. चाचरतच. मग आठवी. तिसऱ्यांदा पाचवीची चिमणी पोरंसुद्धा. ओळ पटांगणभर. कुठल्याच वृत्तात बसत नाही ती, तरी काय चालत होती!

वैशालीकडे बघितलं नाही. शिंदे खांबाआड उभे होते.

मंगळ. २५

कवितेचा तास 'पुढील सूचनेपर्यंत' बंद. माजी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनही मला काढलं. निर्मला म्हणाली, "बरं झालं. सकाळची फुलं तरी यायची थांबतील."

संध्याकाळी प्रज्ञाच्या वडिलांचा फोन. मागे बसचं इंजिन घरघरत होतं. "सर, मॅडमनं बोलावून सांगितलं, आता माफीबी चालणार नाही कदाचित. तुमची कविता होईन, सर. शाळा तिची जाईन." फोन ठेवला.

माझं काय गेलं? एक हौसेचा तास गेला. तिचं वर्ष जाईल, पुढच्या वर्षी दहावी. हे त्या पटांगणात माझ्या मनात का आलं नाही? जेवताना निर्मलाला विचारलं.

"चुकलो का ग मी?"

"बोललात ते बरोबर होतं," निर्मला म्हणाली. "तिला विचारून बोलायचं होतंत."

बुध. २६

परत धायरी. आज विचारायला गेलो. प्रज्ञाला म्हणालो, "तू म्हणशील तर वैशालीकडे जातो, माझे शब्द मागे घेतो. तू सही कर, दहावी पार पाड. मला वाईट वाटणार नाही." (वाटलं असतं.)

तिने बापाकडे बघितलं. "बाबा, मी सही केली तर मी चोर आहे असं कागदावर राहील. माझ्याच अक्षरात."

आईने मशीन थांबवलं. वडिलांनी हातातली किल्ली खिशात टाकली. "शनिवारी सुट्टी टाकतो," एवढंच म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले. "आता तुम्ही माघार घ्यायची नाही, सर."

नाही घेत.

शुक्र. २८

उद्या अकराला बैठक. शिंद्यांना रोज फोन करतोय, उचलत नाहीत. निरोप पाठवला, वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. त्यांच्या एका वाक्याशिवाय आमच्याकडे काय आहे? एका मुलीचा शब्द आणि एका म्हाताऱ्याचा आवाज. तोही आज बसलाय. निर्मला हळदीचं दूध पाजतेय आणि वर सांगतेय, "उद्या मी येणार. तुमचा घसा गेला तर मी बोलेन." वैशालीला माहीत नाही कुणाशी गाठ आहे.

उद्या ऐकलं नाही तर शिक्षण अधिकाऱ्यांकडे. तिथे नाही ऐकलं तर

बेल वाजली. निर्मला गेली. या वेळी कोण?

आत येऊन कानाशी कुजबुजली, "ते तुमचे संगणकवाले शिंदे. बायको बरोबर आहे, कडेवर मूल आहे. ती म्हणते, यांना सरांशी बोलायचंय."

इथून दिसतंय. बायको आत येऊन बसली, मुलाला मांडीवर घेतलं. शिंदे अजून उंबऱ्याबाहेरच आहेत. चपला काढल्यात.