परकी मुलगी आणि तिची सायकल

नाशिक, नोव्हेंबर १९९८, गुरुवार संध्याकाळ

सायकल परत करणार नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे सकाळी मन बदलायला नको.

मॉरिशसहून इथे आयुर्वेद शिकायला आले, तेव्हापासून बाबांच्या एका मित्राकडे, काकांकडे राहते. आज सातपूरला कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईंकडून त्यांची जुनी लेडीज सायकल घेतली. आधी दोन नाकारल्या होत्या. एकीची फ्रेम वाकडी, दुसरीचा गंज नव्या रंगाखाली लपवलेला. हिचं चाक फिरवून पाहिलं, सरळ फिरलं. बाई म्हणाल्या, "बिनधास्त घे. लय चालवलीय मी, कधी दगा नाय दिला."

घरी येताच काका म्हणाले, "परक्या मुलीला काही झालं तर तिच्या वडिलांना मी काय सांगू? उद्या परत करून ये."

परकी? आमची माणसं याच मुलखातून बोटीने मॉरिशसला गेली. आम्ही घरी अजून मराठी बोलतो. मग परकी कशी?

तशीच सायकल काढली आणि गंगापूर रोडने सोमेश्वरच्या देवळापर्यंत गेले. चढावर धाप लागली, पण उतरले नाही. एक रिक्षावाला हळू होत म्हणाला, "मॅडम, कुठं सोडू?" म्हटलं, "कुठंच नको!"

परतले तर काका फाटकात.

"काय ठरवलंस?"

"कॉलेजला सायकलनेच जाणार. बाबांना फोन मीच करते."

काका फाटकातून बाजूला झाले. काकूंनी पदर खोचला, पडवीतल्या तुळशीशेजारच्या कुंड्या सरकवल्या आणि म्हणाल्या, "इथे लाव. दव लागणार नाही."